मतपेटी आणि सर्किट ब्रेकर

शेअर बाजार आणि राजकारण या दोन विषयांवर आपल्याकडे प्रत्येकाचं ठाम मत असतं, आणि हे दोन विषय एकत्र आले की मग तर विचारायलाच नको. निकाल लागला आणि बाजार पडला, की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लगेच दोन तट पडतात. एक गट म्हणतो, "बघा, बाजाराला सगळं आधी कळतं!" दुसरा म्हणतो, "सट्टेबाजांना काय कळतंय डोंबल!" ४ जून २०२४ ला अगदी हेच झालं. एक्झिट पोलच्या भरवशावर आदल्या दिवशी अडीच हजार अंशांनी चढलेला सेन्सेक्स मतमोजणीच्या दिवशी ४,३८९ अंशांनी आपटला आणि ७२,०७९ वर बंद झाला. आणि गंमत म्हणजे ७ जूनला, तीनच दिवसांनी, तो ७६,६९३ वर, म्हणजे नव्या उच्चांकावर! मग मधल्या काळात बाजार नक्की कशाला घाबरला होता? तीन दिवसांत देश बदलला होता का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर वीस वर्षं मागे जावं लागतं. तारीख १७ मे २००४, वार सोमवार. मी तेव्हा पहिलीची परीक्षा देऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे खात होतो, त्यामुळे हे सगळं मी नंतर वाचलेलं. पण आपल्या पिढीतल्या, मोबाईलवर दोन मिनिटांत खातं उघडून गुंतवणूक सुरू केलेल्या मंडळींना हा दिवस माहीत असायलाच हवा असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००३ चा पाऊस चांगला झाला होता. अर्थव्यवस्था आठ टक्क्यांच्या वर वाढत होती. एप्रिल-मे २००३ मध्ये तीन हजारांच्या आसपास घुटमळणारा सेन्सेक्स जानेवारी २००४ मध्ये सहा हजारांवर पोचला. म्हणजे आठ-नऊ महिन्यांत दुप्पट! परदेशी वित्तसंस्था पैसा ओतत होत्या. वाजपेयी सरकारने निर्गुंतवणुकीसाठी वेगळं मंत्रालयच काढलं होतं आणि अरुण शौरी त्याचे मंत्री होते. बाल्को, व्हीएसएनएल, हिंदुस्थान झिंक, आयपीसीएल या कंपन्या खाजगी हातात गेल्या होत्या. (आमच्या क्षेत्रातली सीएमसीसुद्धा २००१ मध्ये टाटांकडे गेली, पुढे ती टीसीएसमध्ये विलीन झाली.) फेब्रुवारी-मार्च २००४ मध्ये तर सरकारने विक्रीचा धडाकाच लावला. एकट्या ओएनजीसीचे दहा टक्के शेअर ७५० रुपयांच्या भावाने विकून दहा हजार कोटींहून जास्त रक्कम उभी केली. सरकारी कंपन्यांचे शेअर घ्या, उद्या त्या विकल्या जातील आणि भाव वाढतील, हे तेव्हाचं साधंसोपं गणित होतं.

'इंडिया शायनिंग'ची जाहिरात जोरात होती. सरकारने लोकसभा मुदतीआधीच विसर्जित केली. बहुतेक पाहण्या सांगत होत्या की वाजपेयीच परत येणार. बाजाराने हे गृहीतच धरलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता कोड प्रॉडक्शनला टाकला होता.

१३ मे ला निकाल लागले. काँग्रेस १४५, भाजप १३८. आणि डाव्या आघाडीकडे जवळजवळ साठ जागा, एवढं बळ तिला पूर्वी कधीच मिळालं नव्हतं. काँग्रेसला सरकार बनवायचं तर डाव्यांच्या पाठिंब्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आता इथे नीट बघा. १३ मे ला, म्हणजे निकालाच्या दिवशी, बाजार फारसा पडला नाही. सेन्सेक्स ५,३९९ वर बंद झाला. सत्तांतर झालं म्हणून बाजार कोसळला असं जे सर्रास सांगतात ते अर्धंच खरं आहे. घसरण सुरू झाली शुक्रवारी, १४ तारखेला, जेव्हा डाव्या पक्षांच्या नेत्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर सांगायला सुरुवात केली की निर्गुंतवणूक मंत्रालय बंदच करून टाकलं पाहिजे. त्या दिवशी सेन्सेक्स ३२९ अंशांनी पडून ५,०६९ वर आला. मग आले शनिवार-रविवार. दोन दिवस बाजार बंद, वृत्तवाहिन्या मात्र चोवीस तास चालू. सरकार कोणाचं, पंतप्रधान कोण, अर्थमंत्री कोण, डावे सरकारात बसणार की बाहेरून पाठिंबा देणार, कशाचाच पत्ता नाही. माणूस शेअर विकू शकत नाही, पण भीती मात्र साठवू शकतो. दोन दिवसांची साठलेली भीती सोमवारी सकाळी एकदम बाहेर आली.

बाजार उघडला आणि बघता बघता सेन्सेक्स दहा टक्के पडला. सर्किट ब्रेकर लागला, व्यवहार एक तास बंद. पुन्हा सुरू झाले, पुन्हा पडझड, पंधरा टक्क्यांची मर्यादा ओलांडली, आणि व्यवहार आणखी दोन तास बंद. तळ गाठला तेव्हा सेन्सेक्स ४,२२७ वर होता, म्हणजे एका दिवसात ८४२ अंश खाली. आज ८४२ अंश म्हणजे किरकोळ वाटेल, पण टक्केवारीत ते साडेसोळाच्या वर होतं! सेन्सेक्स आज ऐंशी हजार असेल असं धरा आणि तो एका दिवसात तेरा हजारांनी पडला अशी कल्पना करा.

(सर्किट ब्रेकर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मायक्रोसर्व्हिसेस येतात, पण कल्पना तीच. एक सेवा कोलमडली की तिला सतत हाका मारत राहिलं तर बाकीच्याही कोलमडतात. म्हणून थोडा वेळ जोडणीच तोडायची, सगळ्यांना श्वास घेऊ द्यायचा. सेबीने २००१ पासून निर्देशांकासाठी १०, १५ आणि २० टक्के असे तीन टप्पे ठरवले होते. त्या सोमवारी त्यातले दोन लागले.)

दुपारपर्यंत रिझर्व्ह बँकेने बाजारात रोखतेची चणचण पडू देणार नाही असं आश्वासन दिलं. मनमोहन सिंगांनी धीर देणारी वक्तव्यं केली. शेवटच्या टप्प्यात खरेदी आली आणि सेन्सेक्स सावरत ४,५०५ वर बंद झाला, ५६४ अंश खाली. एका दिवसात अकरा टक्के.

आता मुख्य प्रश्न. त्या सोमवारी सरकारचा कोणता निर्णय झाला होता?

उत्तर: कोणताच नाही. निर्णय घ्यायला सरकारच नव्हतं! वाजपेयी काळजीवाहू होते, नवं मंत्रिमंडळ अजून बनलेलं नव्हतं. एक कायदा नाही, एक अध्यादेश नाही, एक परिपत्रक नाही. होती ती फक्त वक्तव्यं. आपण 'राजकीय निर्णयामुळे बाजार कोसळला' असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा निर्णय झालेलाच नसतो. बाजार पडतो तो होऊ घातलेल्या निर्णयाच्या अंदाजामुळे, आणि अंदाज जितका धूसर तितकी पडझड मोठी.

याच्या उलट उदाहरण घ्या. जुलै १९७४. महागाई वीस टक्क्यांच्या वर गेलेली, आणि इंदिरा गांधींच्या सरकारने अध्यादेश काढून कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा घातली. बाजार कोसळलाच. पण ते कोसळणं म्हणजे साधा हिशोब होता. शेअरची किंमत म्हणजे शेवटी त्यातून मिळणारं उत्पन्न. ते उत्पन्नच सरकारने कापलं तर किंमत कमी व्हायलाच हवी. तिथे भीती नव्हती असं नाही, पण भीतीच्या खाली खरा, लिहिलेला निर्णय होता.

म्हणजे दोन प्रकार झाले. एक हिशोबाची घसरण, एक भीतीची घसरण. २००४ ची कोणती? पुढे काय झालं ते बघितलं की कळतं.

१८ मे ला सोनिया गांधींनी पंतप्रधानपद नाकारत असल्याचं जाहीर केलं. २२ तारखेला मनमोहन सिंगांचा शपथविधी झाला, चिदंबरम अर्थमंत्री झाले. २७ मे ला किमान समान कार्यक्रम आला. निर्गुंतवणूक मंत्रालय खरोखरच गेलं, ते अर्थमंत्रालयाखालचा एक विभाग झालं. नफ्यातल्या सरकारी कंपन्या सर्वसाधारणपणे विकायच्या नाहीत असंही ठरलं. म्हणजे ज्याची भीती होती ते बऱ्यापैकी घडलं! पण जग बुडालं नाही. त्याच ऑक्टोबरात एनटीपीसीचे शेअर सामान्य लोकांसाठी विक्रीला आले. आणि वर्ष संपलं तेव्हा सेन्सेक्स ६,६०२ वर होता. १७ मे च्या बंद भावापेक्षा ४६ टक्के वर. डाव्यांच्या पाठिंब्यावर चाललेल्या त्याच सरकारच्या काळात, २००७ च्या अखेरीस, त्याने वीस हजारांचा टप्पा ओलांडला.

मग १७ मे ला खोट्या भीतीने एवढं विकलं कोणी? आणि मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न हाच.

विकणाऱ्यांत बरेच असे होते ज्यांना विकायचंच नव्हतं. बदला पद्धत २००१ मध्ये बंद झाली, पण त्याच वर्षी शेअरवरचे फ्युचर्स सुरू झाले आणि दोन-अडीच वर्षांत आपला बाजार या व्यवहारांत जगातल्या अव्वल बाजारांमध्ये जाऊन बसला. फ्युचर्स म्हणजे काय, तर थोडे पैसे भरून मोठा सौदा. समजा तुमच्याकडे एक लाख आहेत आणि वीस टक्के मार्जिन भरून तुम्ही पाच लाखांचा सौदा केला. भाव दहा टक्के पडला की पन्नास हजार गेले. ब्रोकरचा फोन येतो: आणखी पैसे भरा, आत्ताच्या आत्ता. नाही भरले तर तो तुमचा सौदा विकून मोकळा होतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुढच्याला फोन जातो. सोळा टक्के पडला की एक लाखातले ऐंशी हजार गेले. तुमचं मत काहीही असो, तुमचा मनमोहन सिंगांवर कितीही विश्वास असो, तुम्ही बाहेर. मंगळवारी बाजार ३७१ अंशांनी वर आला, पण तो बघायला तुम्ही आत नव्हतात.

ज्याच्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेले शेअर होते आणि जो गप्प बसला, त्याचं वर्षअखेर काहीच बिघडलं नाही. ज्याने उसन्या पैशावर तेच शेअर घेतले होते तो एका सकाळीत संपला. दोघांचा अंदाज एकच, कंपनी एकच, सरकारही एकच.

म्हणून मला वाटतं, राजकीय निर्णय ही काडी आहे, दारू म्हणजे उधारी. काडी कोणी ओढली यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. दारूचा साठा कोणी केला हे विचारत नाही.

हे काही आजचं नाही. दलाल स्ट्रीटच्या जन्माच्याही आधी, १८६५ मध्ये, मुंबईने हेच बघितलं. १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, अमेरिकेचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बेमध्ये समुद्र हटवणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६३ च्या नव्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरची जुनी बंधनं सैल केली आणि बँक शेअरच्या तारणावर खिरापतीसारखी कर्जं वाटू लागली. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे जनरल लीने शरणागती पत्करली आणि इकडे कापसाचे भाव गडगडले. १ जुलै १८६५ ला मुदतीचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पैसे कोणाकडेच नव्हते. प्रेमचंद रायचंदांसारखा माणूस डुबला, पाठोपाठ बँकही बुडाली. युद्ध संपणं ही खरं तर केवढी चांगली बातमी! पण उधारीवर उभ्या असलेल्या बाजाराला चांगली बातमीसुद्धा पुरते.

आता दुसऱ्या टोकाचं, अलीकडचं उदाहरण. २३ सप्टेंबर २०२२. ब्रिटनमध्ये लिझ ट्रस यांच्या नव्या सरकारने पैसा कुठून आणणार हे न सांगताच मोठी करकपात जाहीर केली. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले. तिथल्या पेन्शन फंडांनी रोख्यांवर उधारीचे व्यवहार केलेले होते. त्यांना मार्जिन भरायला रोखेच विकावे लागले, त्याने भाव आणखी पडले. तीच साखळी! पाचव्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

इथे प्रश्न पैशापुरता राहत नाही. २००४ मध्ये जवळजवळ ३९ कोटी लोकांनी मतदान केलं होतं. उन्हात रांगा लावून. (मतपेटी हा शब्द मी सवयीने वापरतोय, ती लोकसभेची पहिली निवडणूक जिथे देशभर यंत्रावर मतदान झालं.) चार दिवसांनी मूठभर लोकांनी, त्यातही अनेक परदेशी संस्थांनी, आपलं वेगळं 'मत' नोंदवलं. मतदान केंद्रावर एका माणसाला एक मत. बाजारात एका रुपयाला एक मत, आणि उसना रुपयासुद्धा चालतो. तेव्हा बाजार पडला म्हणजे मतदार चुकला, हे तर्कट मला अजिबात पटत नाही. पण बाजाराला शिव्या घालणाऱ्या गटाचंही मला पूर्ण पटत नाही. कारण बाजार कारस्थानानेच पडला हे सिद्ध करणं फार अवघड असतं. सेबीने त्या दिवसाच्या विक्रीची चौकशी केली, बरोबर वर्षाने, १७ मे २००५ ला, यूबीएस या परदेशी संस्थेवर पार्टिसिपेटरी नोट्स काढायला एक वर्षाची बंदी घातली, आणि काही महिन्यांत अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. शिवाय त्या सोमवारी सगळ्या आशियाई बाजारांत पडझड होती. तेल महागलेलं, अमेरिकेतले व्याजदर वाढायची धास्ती, इराक पेटलेला. सगळं खापर डाव्यांच्या एका वाक्यावर फोडणंही बरोबर नाही.

सरकारच्या हातात मात्र एक गोष्ट असते, ती म्हणजे स्पष्टता. ऑक्टोबर २००७ चं उदाहरण बघा. १६ तारखेच्या संध्याकाळी सेबीने पार्टिसिपेटरी नोट्सवर निर्बंध घालायचा प्रस्ताव मांडला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच सेन्सेक्स १,७४३ अंश कोसळला आणि व्यवहार तासभर बंद करावे लागले. त्या मधल्या वेळात चिदंबरम यांनी खुलासा केला की नोट्सवर बंदी घालायचा विचार नाही. दिवसअखेर घसरण उरली फक्त ३३६ अंशांची. प्रस्ताव तोच होता, बदललं ते लोकांना कळलेलं चित्र. २००४ मध्ये असा खुलासा करायला अधिकाराने बोलणारं कोणी नव्हतंच. सरकार नसणं हीच त्या दिवसाची खरी बातमी होती.

आणि याची आरशातली प्रतिमा बघायची असेल तर १८ मे २००९. बरोबर पाच वर्षं आणि एक दिवस. काँग्रेस आघाडी डाव्यांच्या टेकूशिवाय परत आली, आणि सेन्सेक्स २,११० अंशांनी, सतरा टक्क्यांनी, उसळला. यावेळी वरच्या बाजूचे सर्किट ब्रेकर लागले आणि जेमतेम मिनिटभराच्या व्यवहारात दिवस संपला! त्या दिवशीही सरकारने एकही निर्णय घेतला नव्हता. पंतप्रधान तेच, मनमोहन सिंग. २००४ ची भीती जितकी फुगलेली, तितकाच २००९ चा आनंद.

तर मंडळी, पुढच्या मतमोजणीला स्क्रीन लाल झाली (किंवा हिरवी), तर कॅन्टीनमधल्या वादात उतरण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा. एक, खरंच काही निर्णय झालाय की नुसतीच वक्तव्यं चालू आहेत? दोन, निर्णय झाला असेल तर त्याने माझ्या कंपन्यांचं उत्पन्न किती बदलेल, कागदावर मांडता येईल का? आणि तीन, यात माझा स्वतःचा पैसा किती आणि उसना किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिल्लीत मिळतील, कधी उशिरा, कधी अर्धवट. तिसऱ्याचं उत्तर मात्र आपल्याच खात्यात लिहिलेलं असतं, आणि ते मतमोजणीच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलता येतं.